भिंगरी गप्प झाली तेव्हा

भिंगरी हे नाव तिला बाबांनी दिलं. चालायला लागली ती धावतच, आणि एकदा धावायला लागल्यावर थांबलीच नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पलंगावरून खिडकीच्या कट्ट्यावर, तिथून खुर्चीवर, खुर्चीवरून बाबांच्या पाठीवर असा तिचा दिवसभर दौरा चालायचा. खालच्या मजल्यावरच्या काकू काठीने छत ठोकायच्या. आई वरून ओरडायची, "काकू, आत्ता झोपेल हं ती!" काकू खालून ओरडायच्या, "हे कालही म्हणाली होतीस!"

आई शहरात बस चालवायची. बाजाराच्या तोंडाशी बाबांचं चष्म्यांचं छोटं दुकान होतं. काच घासून फ्रेममध्ये चपखल बसवण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मात्र दुकानाच्या किल्ल्या कुठे ठेवल्या हे त्यांना कधी आठवेल तर शपथ.

दुसरीत असताना बाईंनी आईला शाळेत बोलावलं. म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण बूड म्हणून टेकत नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी होते, आणि प्रश्न विचारलेला असतो शेजारणीला!" बाई हसत होत्या, पण आईला त्या हसण्यामागचा वैताग कळला. ती भिंगरीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिला दोनतीनदा बोलावून नीट तपासलं आणि सांगितलं की हा एडीएचडी आहे. "ती मुद्दाम काही करत नाही. थांबायला आणि एका गोष्टीवर टिकून राहायला तिला इतर मुलांपेक्षा फार जास्त कष्ट पडतात, एवढं लक्षात ठेवा."

बाबांना ते काही पटेना. "पोर जरा दांडगी आहे, इतकंच. मीही असाच होतो. मास्तरांनी मारून सरळ केलं."

"झालात का सरळ?" आईने विचारलं. "मग आधी किल्ल्या शोधा."

गोळी सुरू झाली. आईने घरात वेळापत्रक लावलं. अभ्यासाचे लहान लहान तुकडे पाडले आणि दोन तुकड्यांच्या मध्ये जिने चढउतार करायची परवानगी दिली. गाडी रुळावर आली. इतकी, की सहावीत बाबा म्हणाले, आता कशाला हवी ती गोळी? आईच्या कामाच्या पाळ्या बदलत राहायच्या, डॉक्टरांकडे जाणं आज-उद्यावर ढकललं जायचं. गोळी सुटली आणि मागोमाग डॉक्टरही सुटले. "वयात येताना जपा, तेव्हा पुन्हा जड जाईल," असं ते बजावून म्हणाले होते. पण सगळं सुरळीत चाललं असताना असलं बोलणं कोण लक्षात ठेवतं?

आणि जड गेलंच. गंमत अशी, की भिंगरी काही बदलली नव्हती. बदलल्या होत्या तिच्या आजूबाजूच्या मुली. लहानपणी ती मध्येच बोलली की सगळ्या हसायच्या, आता एकमेकींकडे बघायच्या. पूर्वी तिने कोणाच्याही हातातलं पुस्तक ओढून घेतलं तरी चालायचं, आता त्याला आगाऊपणा म्हणायचे. मुलींचं बोलणंही बदललं होतं. अर्धं शब्दांत, अर्धं डोळ्यांत. कोण रुसलंय, कोणासमोर कोणाचं नाव काढायचं नाही, हे सगळ्यांना आपोआप कळायचं. भिंगरीला मात्र ते घडून गेल्यावर कळायचं, तेही पाय खड्ड्यात पडल्यावर.

एकदा वर्गातल्या एकीच्या वाढदिवसाचे फोटो तिने फोनवर पाहिले. त्यांच्या टोळक्यातल्या सगळ्या होत्या, ही सोडून. एखादीने उशी ओली केली असती आणि सकाळी विसरली असती. भिंगरीला राहवलं नाही. तिने ग्रुपवर एकामागून एक मेसेज टाकले. आधी चिडून, मग गयावया करून, मग पुन्हा चिडून. सकाळी पाहते तर ग्रुपच नाहीसा झालेला. तिला वगळून नवा ग्रुप तयार झाला होता. जरा कोणी नाक मुरडलं की तिच्या जिवाला असा चटका बसायचा, आणि चटका बसला की ती असं काही करून बसायची, की पुढचा चटका ठरलेलाच.

या सगळ्यात एकच मुलगी तिला धरून होती. हनुवटीवर तीळ म्हणून तिला सगळे ठिपका म्हणायचे. ठिपका मोजकं बोलणारी. भिंगरीचं बोलणं भरकटलं की ती फक्त म्हणायची, "मूळ मुद्दा?" आणि भिंगरी हसत मुद्द्यावर यायची. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसायच्या.

नववीत एक दिवस शाळेमागच्या पायऱ्यांवर बसून ठिपकाने तिला सांगितलं, "बाबा घर सोडून गेलेत. परत येणार नाहीत. हे कोणालाच माहीत नाही."

"माझ्या तोंडून शब्द बाहेर पडणार नाही," भिंगरी म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

मग पालकसभा झाली. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका हजेरीच्या वेळी ठिपकावर घसरल्या. "तुझ्या घरून कोणीच का आलं नाही? वडिलांना सवड नाही का? आपल्या मुलीसाठी तासभर काढता येत नाही?"

ठिपका मान खाली घालून उभी. कान लाल झालेले. बाई काही थांबेनात. आपल्या मैत्रिणीला कोणीतरी विनाकारण टोचतंय, एवढंच भिंगरीला दिसत होतं. ती ताडकन उठली. "अहो बाई, तिचे बाबा घर सोडून गेलेत! कुठून येणार ते?"

शब्द तोंडातून सुटला त्याच क्षणी भिंगरीला कळलं, पण सुटलेला शब्द कुठे परत घेता येतो? ठिपकाने तिच्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत रागही नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग तिने दप्तर उचललं आणि ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

त्या दिवशी भिंगरीने ठरवलं, की आपलं तोंडच वैरी आहे. यापुढे बोलायचं नाही. आणि एकदा ठरवल्यावर तिने ते करून दाखवलं. ज्या मुलीला तास संपेपर्यंत पेन हातात धरवत नव्हतं, तिने आठवडेच्या आठवडे तोंडाला कुलूप लावलं. वर्गात दात आवळून बसायची. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन थांबायची, म्हणजे कोणाशी गाठ नको. बोटांच्या नखांभोवतीची कातडी कुरतडून कुरतडून लाल केली. भुवईचे केस उपटायची सवय लागली. सगळी ताकद गप्प बसण्यात खर्च व्हायची. फळ्यावर काय चाललंय हे तिच्या गावीही नसायचं.

आणि लोक खूश झाले! वर्गशिक्षिका म्हणाल्या, "काय सुधारली हो तुमची मुलगी!" खालच्या काकू जिन्यात आईला म्हणाल्या, "पोर मार्गाला लागली." बाबांना तर हायसं वाटलं. "बघ, मी म्हणत नव्हतो? वय आलं, शहाणपण आलं. उगाच डॉक्टर-डॉक्टर करत होतीस."

आईच्या मनाला मात्र ते लागून राहिलं. शाळा सुटायची वेळ आणि आईच्या बसची फेरी जुळली, की भिंगरी त्याच बसने घरी यायची आणि दारापाशीच्या पहिल्या आसनावर बसायची. पूर्वी ती सिग्नलपासून सिग्नलपर्यंत बडबडायची, आणि आई आरशातून डोळे वटारून समोरच्या पाटीकडे बोट दाखवायची. चालकाशी बोलू नये, असं त्या पाटीवर लिहिलेलं होतं. आता भिंगरी बसायची ती खिडकीला डोकं टेकून. शेवटचा थांबा आला तरी तिला कळायचं नाही.

एका संध्याकाळी आगारात सगळे उतारू उतरून गेले. आईने इंजिन बंद केलं, दार लावून घेतलं आणि ती भिंगरीच्या शेजारी येऊन बसली.

"काय झालंय?"

"काही नाही."

"भुवया कुठे गेल्या तुझ्या?"

भिंगरीने कपाळावर हात नेला. मग जे सुरू झालं ते थांबेना. फोटो, ग्रुप, पायऱ्या, पालकसभा, ठिपकाची नजर. शेवटी म्हणाली, "मी बोलले की कोणाचं तरी वाटोळं होतं, आई. मी नसते तर सगळ्यांना बरं पडलं असतं."

आईने तिचा हात हातात घेतला. आवाज न चढवता तिने विचारलं, "नसते तर म्हणजे काय? जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का? मला खरं सांग. मी रागावणार नाही."

"तसं नाही," भिंगरी म्हणाली. "मरायचं नाहीये. फक्त कुठे दिसू नये असं वाटतं. सारखंच वाटतं."

बाहेरून पर्यवेक्षकाने काचेवर टकटक केलं. "ताई, गाडी मागे घ्यायची आहे!"

"घेते," आई आतून म्हणाली. "माझं लेकरू माझ्याशी बोलतंय. जरा थांबा." आणि तो थांबला.

घरी आल्यावर आईने बाबांना सांगितलं, "उद्या डॉक्टरांकडे जायचंय. तुम्हीही चला."

"आता? आता तर कुठे ती शांत झाली आहे!"

"शांत नाही झाली हो. बंद पडली आहे."

बाबांनी आतल्या खोलीत पाहिलं. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही.

डॉक्टरांनी कोणाला दोष दिला नाही. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, लवकर परत यायला सांगितलं, आणि मुलांच्या मनाचं काम बघणाऱ्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मुलीच्या मनावर मळभ आलं आहे, आधी ते दूर करू आणि अभ्यासाचं नंतर बघू, हे त्यांनी बजावून सांगितलं. उठताना त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास?"

आईने बाबांकडे पाहिलं. भिंगरीनेही पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता दोघी?" बाबा म्हणाले. मग टेबलावर विसरत असलेला चष्मा त्यांनी उचलला आणि पुटपुटले, "शाळेत मला एकही मित्र नव्हता. का नाही, हे कधी कोणी विचारलंच नाही." भिंगरीने बाबांचं हे कधी ऐकलं नव्हतं. घरी परतताना रस्ताभर तिने त्यांचा हात सोडला नाही.

समुपदेशक बाईंचे केस भरपूर कुरळे होते, म्हणून भिंगरीच्या तोंडी त्या कुरळ्या ताई झाल्या. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "तोंडाला कुलूप लावलंस म्हणे. आता आपण कुलूप काढू आणि तिथे एक कडी बसवू. उघडायची की नाही, हे तू ठरवायचं. बोलायच्या आधी अंगठा बोटावर दाबायचा आणि स्वतःला विचारायचं, ही गोष्ट माझी आहे का? माझी असेल तर बोलायचं. दुसऱ्याची असेल तर आधी त्याला विचारायचं."

"एवढंच?"

"ऐकायला एवढंच. करून बघ."

करून बघितलं तेव्हा कळलं. पहिल्या आठवड्यात अंगठा दाबायचं आठवायचं ते बोलून झाल्यावर. एकदा तर अंगठा दाबला, प्रश्न विचारला, उत्तर नाही असं आलं, आणि तरी ती बोललीच. त्या दिवशी कुरळ्या ताईंकडे जाऊन तिने फणकाऱ्याने सांगितलं, "माझ्याच्याने होणार नाही."

"अंगठा दाबलास ना?"

"दाबला."

"मागच्या आठवड्यात तोही नव्हता."

भिंगरीने कपाळाला आठ्या घातल्या. पण घरी जाऊन पुन्हा लागली कामाला. जेवताना बाबा मुद्दाम तिला चिथवायचे, दुकानातल्या गिऱ्हाइकांचे किस्से अर्धवट सांगायचे, आणि ती अंगठा दाबून थांबली की आई ताटावर चमचा वाजवायची. कधी जमायचं, कधी फजिती व्हायची. दोन्ही वेळा हसायचे सगळे, त्यात भिंगरीही असायची.

पण खरं काम पुढेच होतं. ठिपकाची माफी मागायची होती. माफी कशी मागायची हे तिने ताईंना विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "मैत्री परत मिळावी म्हणून मागणार असशील तर थोडी थांब. ती नाही म्हणाली तरी सहन होईल असं वाटेल, तेव्हा जा."

भिंगरी थांबली. थांबणं हाच तिचा सगळ्यात अवघड विषय, पण थांबली. मग एका दुपारी ठिपकाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. ठिपकाने दार उघडलं, तिला पाहिलं आणि दार लावून घेतलं. भिंगरी जिना उतरून घरी आली, खूप रडली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. या वेळी दार अर्धं उघडं राहिलं.

येताना तिने एक गोष्ट पक्की केली होती. आजाराचं नाव पुढे करायचं नाही. "तू मला विश्वासाने सांगितलंस आणि मी ते सगळ्यांसमोर बोलले," ती म्हणाली. "ती तुझी गोष्ट होती. मी चुकले. तू मला माफ केलंच पाहिजेस असं काही नाही."

ठिपका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मला त्याचा राग आलाच होता," ती म्हणाली. "पण तू माझी बाजू घ्यायला उठली होतीस, हे मला त्याच रात्री कळलं. खरा राग पुढचा आहे. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मला विचारत होत्या, बाबा कुठे गेले, का गेले, कोणाबरोबर गेले. मी एकटी उत्तरं देत होते. तुझ्याकडे बघत होते. आणि तू मान खाली घालून बसलेलीस. एक शब्द नाही! आयुष्यभर बडबड केलीस, आणि नेमकं तेव्हाच गप्प?"

इतके दिवस ज्याला भिंगरी प्रायश्चित्त समजत होती, ते ठिपकाला पाठ फिरवल्यासारखं वाटलं होतं. तिने अंगठा दाबला. ही गोष्ट मात्र तिचीच होती.

"मला वाटलं, मी गप्प बसले तर तुला आणखी त्रास होणार नाही. मी घाबरले होते गं. सगळ्यांना वाटलं मी सुधारले. मी फक्त घाबरलेले होते."

ठिपकाने तिच्या विरळ भुवयांकडे पाहिलं. "हे काय करून घेतलंस?"

"येतील परत."

"आत ये," ठिपका म्हणाली. मग लगेच म्हणाली, "पण मी तुला आता काही सांगणार नाही हां. निदान एवढ्यात तरी."

"नको सांगूस," भिंगरी म्हणाली.

पुढची पालकसभा आली. या वेळी आई आणि बाबा दोघेही गेले, आणि भिंगरीही हट्टाने बरोबर गेली. वर्गशिक्षिकांनी सगळ्या पालकांसमोर तिचं कौतुक केलं. "मधले काही महिने किती गुणी झाली होती! आता पुन्हा जरा बोलायला लागली आहे, पण आपण आणू वळणावर."

भिंगरीचा अंगठा बोटावर गेला. मग तिने हात वर केला, आणि बाईंनी मान हलवेपर्यंत तशीच थांबली.

"बाई, तेव्हा मी गुणी नव्हते. आजारी होते," ती उभी राहून म्हणाली. "मला एडीएचडी आहे. मी मध्येच बोलते, ते मला थांबवायचं असतं. तुम्ही सगळ्यांसमोर टोमणा मारलात की मला आणखी थांबता येत नाही. नुसता हात वर करून दाखवलात तरी मला कळेल. आणि फारच चुळबुळ झाली तर मागे जाऊन उभी राहू का? मी कोणाला त्रास देणार नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "असं सगळ्यांसमोर सांगायचं असतं का?"

"तुम्ही सगळ्यांसमोर कौतुक केलंत, म्हणून मी सगळ्यांसमोर सांगितलं," भिंगरी म्हणाली. त्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. मागच्या रांगेतून कोणाचे तरी वडील खुदकन हसले. बाबांनी घसा खाकरला आणि तेही उभे राहिले. "माझ्या मुलीचं म्हणणं बरोबर आहे," एवढंच बोलून ते बसले.

बाई काही एका दिवसात बदलल्या नाहीत. आठवडाभर त्या तिच्याशी तुटकच वागल्या. मग एकदा ती मध्येच बोलली, तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला. भिंगरीने जीभ चावली. बाई पुढे शिकवायला लागल्या. पुढे पुढे भिंगरीबरोबर आणखी दोघंतिघं वर्गाच्या मागे उभी राहून ऐकू लागली. त्यांच्याकडे काही आजाराचं नाव नव्हतं. उभं राहून बरं वाटायचं, इतकंच.

दहावीत ती गणितात नापास झाली. नातेवाईक हळहळले. तिने दोन दिवस तोंड फुगवलं, मग बाबांच्या दुकानात काउंटरमागे उभ्याउभ्याने अभ्यास करून परीक्षा पुन्हा दिली आणि काठावर पास झाली. ठिपका दुसऱ्या महाविद्यालयात गेली. त्या अजून भेटतात, पण पहिल्यासारख्या रोज नाही. नव्या मैत्रिणी झाल्या. काही टिकल्या, काही गेल्या.

आता ती फिजिओथेरपी शिकते. दिवसभर उभं राहायचं आणि हातपाय चालवायचे, हे तिला मानवतं. वसतिगृहात राहते. गेल्याच महिन्यात खोलीतली मैत्रीण तिच्या पसाऱ्याला आणि मध्येच बोलण्याला कंटाळून दुसऱ्या खोलीत निघून गेली. भिंगरी रिकाम्या पलंगावर बसून ढसाढसा रडली. आईला फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं, "आता काय करणार?"

"आधी पसारा आवरते. मग तिच्याकडे जाऊन बोलते. ऐकलं तर ऐकलं."

फोन ठेवून तिने तोंड धुतलं, केस घट्ट बांधले, पांढरा कोट शोधला. तो खुर्चीखाली सापडला. प्रॅक्टिकलला उशीर झालाच होता. ती जिन्यावरून धावत सुटली.